गमरे कंडक्टरची पांढरी काठी

आपल्याला चहा करायला शिकवतायत हे लक्षात आलं तेव्हा दीपक गमरेचं डोकंच फिरलं. राजापूर आगारात वीसेक वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस तो. गणपतीच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसलेल्या गाडीत दारापासून ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत जाऊन तिकिटं दिलेली, खिडकीवरून होणारी भांडणं सोडवलेली. एकदा तर लांज्याच्या अलीकडे गाडीतच एका बाईला कळा सुरू झाल्या, तेव्हा सगळ्या पुरुषांना खाली उतरवून त्याने दाराशी पहारा दिला होता. आणि आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रत्नागिरीच्या या केंद्रात वेदिका मॅडम नावाची एक पोरगी त्याच्या हातात रिकामा कप देऊन सांगत होती, "काका, कपाच्या काठाला हे छोटं यंत्र अडकवा. चहा वर आला की ते ओरडेल."

"घरी बायको आहे चहा द्यायला," तो म्हणाला.

"त्यांना ताप आला तर?"

"शेजारीण देईल."

"आणि त्या दोघींनाच चहा प्यावासा वाटला, तर?"

त्याने कप ओट्यावर आपटला.

"मी केळशीची आहे, काका. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला चहापाण्याशिवाय सोडत नाहीत. आज मी तुमच्या दारात आलेय असं समजा."

धुसफुसतच त्याने पातेलं चाचपलं, गाळणं शोधलं, एक बोट भाजून घेतलं, निम्मा चहा ओट्यावर सांडला. यंत्र पीं पीं करून ओरडलं तेव्हा तो दचकला. वेदिकाने दोन घोट घेतले आणि म्हणाली, "आलं घातलं असतंत तर मजा आली असती. बशी कुठे ठेवलीत?"

"ही काय, समोर."

"समोर म्हणजे कुठे? मला दिसत नाही हो. जन्मापासून."

केंद्रात येऊन त्याला दोन-तीन दिवस झाले होते. ही पोरगी चपला फटफट वाजवत सगळीकडे फिरायची, कोण कुठे बसलंय ते बरोब्बर ओळखायची, जिन्यावरून गाणं गुणगुणत उतरायची. तिला डोळस समजून तो मनातल्या मनात तिच्यावर खार खाऊन होता. हिला काय जातंय शिकवायला, असं त्याला वाटायचं.

"तुम्ही बोलला नाहीत ते," तो पुटपुटला.

"तुम्ही विचारलंत कुठे? आल्यापासून रुसून बसलायत."

रुसण्यासारखं घडलंही होतं. साखरेचा आजार त्याला बरीच वर्षं होता, पण गाडीवरच्या माणसाला वेळेवर जेवण नाही आणि पथ्यही नाही. आधी तिकिटावरचे आकडे पुसट झाले. मग एके दिवशी डाव्या डोळ्यासमोर काळं जाळं उतरलं. कोल्हापूरला ऑपरेशन झालं, मुंबईला झालं. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा डावा डोळा पुरता गेला होता आणि उजव्याला खिडकीचा उजेड तेवढा कळत होता. त्यानंतर वर्षभर तो घरातल्या एका खुर्चीत बसून होता. वाडीतलं कोणी आलं की म्हणायचा, "थोडं थोडं दिसतं." बायको स्वप्ना जवळच असायची. ती मान डोलवायची.

स्वप्ना गावच्या अंगणवाडीत सेविका होती. सकाळी मुलांचं खाणं, त्यांची वजनं, गरोदर बायांच्या घरी फेऱ्या, आणि मधूनमधून धावत घरी येऊन नवऱ्याला पाणी, गोळी, जेवण. मग एक दिवस आगारातून निरोप आला, की गाडीवर नाही तरी चौकशीच्या खिडकीवर, गाड्या पुकारायचं काम देता येईल. आगार व्यवस्थापकांनी फोनवर एवढंच विचारलं, "गमरे, येणंजाणं जमेल ना?"

"जमेल साहेब. थोडं थोडं दिसतं मला."

फोन ठेवल्यावर स्वप्ना म्हणाली, "उद्या घरातून फाट्यापर्यंत एकटे जाऊन दाखवा." दुसऱ्या दिवशी तो अंगणाच्या पायरीवरच अडखळला. त्याच आठवड्यात तिने चौकशा करून अंध माणसांना शिकवणारं रत्नागिरीचं हे केंद्र शोधलं आणि त्याची बॅग भरली.

चहाच्या त्या प्रसंगानंतर मात्र दीपक शिकायला लागला. काठी कशी धरायची, डावं पाऊल पुढे टाकताना तिचं टोक उजवीकडे कसं न्यायचं, पायरी आली की हाताला कसं कळतं. पांढरी, घडीची काठी. मिटली की पिशवीत मावणारी. वेदिका त्याला सांगायची, "काठी पायाच्या आधी जाते. जे काय आपटायचं ते तिला आपटू दे."

फोनचंही तसंच. पडद्यावर बोट फिरवलं की फोन बोलायचा; कोणाचा फोन, कोणाचा मेसेज, किती वाजले, सगळं वाचून दाखवायचा. सुरुवातीला त्याला तो आवाज रेल्वेतल्या घोषणेसारखा परका वाटला. मग सवय झाली, तसा त्याने त्याचा वेग वाढवला. वेदिकाच्या फोनचा वेग तर असा की बाहेरच्याला वाटावं कोणीतरी चणे भाजतंय. गाडीच्या पाटीसमोर फोन धरला की तो पाटीही वाचायचा, पण पाटीवर धूळ असली तर "लांजा"चं भलतंच काहीतरी करायचा. तेव्हा सरळ माणसाला विचारायचं, हेही शिकण्यातच होतं. दीपकला सगळ्यात जड तेच गेलं. आयुष्यभर लोकांनी त्याला विचारलं होतं, गाडी कुठली, कधी सुटणार, अमुक ठिकाणी थांबणार का. आता तो स्टँडवर उभा राहून हवेत विचारायचा, "दादा, ही कुठली लागली?" कधी उत्तर यायचं, कधी नाही. उत्तर आलं नाही की त्याचे कान गरम व्हायचे.

तरी रत्नागिरीत त्याला कोणी ओळखत नव्हतं. मारुती मंदिराच्या चौकात तो वेदिकाबरोबर रस्ता ओलांडायला शिकला. मग तिच्या मागून. मग ती केंद्रात बसलेली असताना एकटा जाऊन तिच्यासाठी आलं घेऊन आला. त्या दिवशी तो जेवताना दोन घास जास्त जेवला.

शिक्षण संपत आलं तेव्हा वेदिका म्हणाली, "शनिवारी घरी जाऊन या, काका. एकटे."

रत्नागिरीच्या स्टँडवर त्याने काठी उघडली, चौकशी केली, राजापूरची गाडी धरली. कंडक्टर नवा मुलगा होता. त्याने सीटपर्यंत नेलं. हातखंबा गेलं, पाली गेलं. लांज्याला गाडी थांबली तेव्हा मागून आवाज आला, "काय गमरे! किती दिवसांनी! तब्येत कशी आहे?" आगारातलाच जुना मेकॅनिक होता. बोलत बोलत तो शेजारी येऊन बसला. दीपकचा हात आपोआप काठीकडे गेला. मांडीवरच्या पिशवीखाली त्याने ती घडी घडी करून मिटली आणि पिशवीत सारली.

"बरी आहे की," तो म्हणाला. "थोडं थोडं दिसतं."

राजापूरच्या स्टँडवर मेकॅनिक घाईने कार्यशाळेकडे निघून गेला. दीपक फलाटावर उभा राहिला. हे स्टँड त्याला तळहातासारखं पाठ होतं. गावाकडची गाडी लागते ती त्या टोकाला. वाटेत खांब, मग पाण्याची टाकी, मग सरळ. काठी काढायची काय गरज? इथे सगळे आपल्याला ओळखतात. तो छाती पुढे काढून चालायला लागला. पण वर्षभरात टाकीजवळची फरशी उखडून नवी बसवायला घेतली होती, आणि फाटकाशी बसणाऱ्या मासेवाल्या सावलीसाठी अलीकडे सरकल्या होत्या. त्याचा पाय आधी खडीत रुतला, मग कशात तरी अडकला, आणि तो हातापायांवर पडला तो थंडगार, निसरड्या बांगड्यांमध्येच.

"अरे मेल्या!" डोक्यावरून आवाज कडाडला. "माजी अख्खी पाटी उलथलीस! डोळे फुटले काय तुजे? का सकाळीच टाकून आलास?"

ती सखू होती, नाट्याहून मासे घेऊन येणारी. दीपकने तिला कितीदा पाटीसकट गाडीत घेतलं होतं. त्याने आवाज ओळखला. तो उठला, पुन्हा घसरला. आजूबाजूला माणसं जमल्याचं त्याला चपलांच्या आवाजांवरून कळलं. कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "अरे, हा तर गमरे कंडक्टर!"

"गमऱ्या? तू?" सखूचा आवाज खाली आला. "दारू पितोस होय आता?"

एका क्षणाचा प्रश्न होता. पिशवी त्याच्या खांद्याला होती, काठी तिच्यात होती. तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते. आणि तो म्हणाला, "हो. थोडी झाली आज."

गर्दीतून एक लांब "हंऽऽ" उमटला. कोणीतरी त्याला दंडाला धरून रिक्षात कोंबलं.

घरी येईपर्यंत शर्टाला वास मारत होता. स्वप्ना अंगणवाडीतून नुकतीच आली होती. तिने काही न विचारता पाणी तापवलं, कपडे भिजत घातले. तो आंघोळ करून बाहेर आला तेव्हा ती म्हणाली, "फोन आले होते. स्टँडवरून. दोघातिघांचे."

तो खुर्चीत जाऊन बसला.

"मी त्यांना म्हटलं, माझा नवरा पीत नाही. ते म्हणाले, त्यानेच कबूल केलं. सगळ्यांसमोर. खरं काय?"

"पडलो मी. पाटीला अडकून."

"काठी कुठे होती?"

"पिशवीत."

मग स्वप्ना बोलली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "म्हणजे आंधळा म्हटलेलं तुम्हाला चालत नाही, आणि दारुडा म्हटलेलं चालतं?"

"स्वप्ना, तुला नाही कळायचं ते."

"मला नाही कळायचं? वर्षभर मी काय केलं? कोणी विचारलं की मान डोलवायची, हो, थोडं दिसतं. तुमच्या खोट्याला मी मान डोलवली. पण हे नाही. मामंजींनी विहारासमोर उभं राहून या वाडीतली दारू बंद केली, आणि मी त्यांच्या घरातली सून आहे. उद्या अंगणवाडीत बाया माझ्याकडे कशा बघतील, ते तुम्हाला दिसणार नाही. मला दिसेल."

ती आत निघून गेली. चुलीशी भांडी आपटल्याचा आवाज आला आणि मग तोही बंद झाला.

तेवढ्यात फोन वाजला. फोनने नाव वाचलं: आगार व्यवस्थापक. "गमरे, एक गोष्ट कानावर आली. माझा विश्वास नाही बसला. पण चौकशीच्या खिडकीवर माणूस बसवायचाय, तेव्हा विचारणं मला भाग आहे."

"सोमवारी समोर येऊन सांगतो साहेब," दीपक म्हणाला.

मग त्याने वेदिकाला फोन लावला. का लावला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सगळं सांगून झाल्यावर ती रागावेल असं त्याला वाटत होतं. ती हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "सॉरी काका. पण बांगड्यांत पडलात म्हणजे नशीब. माझी एक मैत्रीण शेणात पडली होती."

"तुम्हाला हसू येतंय."

"येतंय, कारण मीही हे केलंय. कॉलेजात पहिलं वर्षभर काठी दप्तरात. एका मुलाने हात पुढे केला शेकहँडला, मला काय दिसणार? सगळ्या वर्गात झालं, वेदिका शिष्ट आहे. मी म्हटलं, असू दे शिष्ट. आंधळी म्हणण्यापेक्षा शिष्ट बरी. वर्षभर कोणी बोललं नाही माझ्याशी. शिष्ट मुलीशी कोण बोलणार?"

दीपकने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"त्या मासेवाल्या बाईंना भेटलात का परत?"

"कशाला?"

"त्यांचे मासे गेले ना, काका. धंदा गेला त्यांचा आजचा."

दीपकला एकदम शरम वाटली. दुपारपासून तो फक्त स्वतःचाच विचार करत होता. सखूची पाटी उलथली होती, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

सोमवारी सकाळी त्याने नवा शर्ट घातला. स्वप्ना म्हणाली, "मी येते बरोबर." दोन दिवस ती कामापुरतंच बोलत होती.

"नको," तो म्हणाला. आणि अंगणात उभं राहून त्याने काठी उघडली. घडीचे तुकडे खटाखट एकात एक बसले. काठी शेजारच्या पडवीतूनही दिसली असावी, कारण तिथून म्हाताऱ्या धोंडूबाबांनी हाक मारली, "जयभीम दीपक! हातात ती कसली रे काठी?"

"जयभीम बाबा." दीपकने काठी वर धरली. "आंधळ्याची काठी. मला दिसत नाही, बाबा."

"थोडं दिसतं म्हणालास ना?"

"नाही दिसत. अजिबात नाही."

म्हातारा खोकला काढून म्हणाला, "मलाबी आयकायला येत नाय धड. पण मी कोणाला सांगत नाय." आणि थोड्या वेळाने, "फाट्यावर जातोस? पुढच्या दगडी गडग्याचा चिरा निखळून वाटेत पडलाय. जपून."

काठीने तो चिरा आधीच शोधला. दीपकने त्याला वळसा घातला. मागे स्वप्ना अंगणात उभी होती, हे त्याला माहीत होतं. तिच्या बांगड्या वाजल्या नाहीत म्हणजे ती हलली नव्हती. वाडीतली पोरं खेळता खेळता थांबली. एकीने विचारलं, "काका, ती काठी बोलते काय?" तो म्हणाला, "मला सांगते, तुला नाही." पोरं हसली आणि पुन्हा खेळायला लागली. इतकंच झालं. ज्याला तो वर्षभर घाबरत होता, ते इतकंच होतं. अर्थात सगळं एवढं सोपं गेलं नाही. फाट्यावर एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "अगं बाई, किती वाईट झालं," आणि ते त्याला नीट ऐकू आलं. त्याचे कान गरम झाले. गाडी आली तेव्हा त्याने विचारलं, "राजापूर काय?" आणि तीच बाई पुढे होऊन म्हणाली, "होय भाऊ, चढा."

राजापूर स्टँडवर तो उतरला आणि काठीने खडी, मग नवी फरशी, मग फरशीची कड चाचपत फाटकाकडे निघाला. माशांचा वास आला तसा थांबला.

"सखू आहे काय?"

"आलास?" सखू म्हणाली. "आज शुद्धीत हायस ना?" मग एकदम तिचा आवाज थांबला. तिने काठी बघितली असणार.

"सखू, मी त्या दिवशी प्यालो नव्हतो. मला दिसत नाही. तुझी पाटी मला दिसली नाही. तुझं नुकसान झालं, ते मी भरून देणार."

त्याला वाटलं होतं, ती हळहळेल. सखू भडकलीच. "मग तवाच सांगायला काय झालं हुतं तुला? अं? तोंड शिवलं हुतं? मी अख्ख्या बाजारात सांगत फिरलंय, गमऱ्या बेवडा झाला! माज्या जिभेवर पाप चढवलंस ना!"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणं!" तिने नाक शिंकरलं. आणि मग उभी राहून, फलाटावर गाड्यांची वाट बघणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "आयकलंत काय गो बायांनो! हा गमरे कंडक्टर दारू पीत नाय! ह्याचे डोळे गेलेत! शनवारी मी काय बोललंय ते खोटं! आयकलंत?"

वर्षभर जी गोष्ट लपवली, ती एका दमात राजापूर स्टँडवर जाहीर झाली. लगेच डावीकडून कोणीतरी म्हणालं, "अरे अरे, कधी झालं हे?" आणि उजवीकडून, "गमरे, मी पाचलचा, ओळखलंत का आवाजावरून?" कोणी त्याचा हात हातात घेतला, कोणी पाठीवर थाप मारली. एका माणसाने मात्र लगेच उपचार सांगायला सुरुवात केली, कुठल्या तरी झाडाचा चीक. सखूने त्याला हाकललं.

"पैसे नकोत मला तुजे," ती म्हणाली. "बांगडे धुवून विकले मी. कोणाला सांगू नको. कुटं जायचंय?"

"आगारात. साहेबांकडे."

"चल." तिने त्याचा दंड घट्ट पकडला आणि ओढायलाच लागली. काठी मधेच अडकली, तो धडपडला.

"थांब, थांब, सखू. तू मला धरू नको. मी तुला धरतो. तुझं कोपर दे."

"काय?"

"कोपर. तू आपली नेहमीसारखी चाल, पुढे. मी अर्धं पाऊल मागे. म्हणजे मला कळतं तू कुठे वळतेस, कुठे चढतेस."

सखू साशंकपणे उभी राहिली. मग तिने कोपर पुढे केलं. त्याने ते हलक्या हाताने धरलं आणि दोघं निघाली. चार पावलांनंतर ती म्हणाली, "शाप सोपं हाय की हे." पायरी आली तशी ती आपणहून थांबली. साहेबांच्या दाराशी पोचल्यावर म्हणाली, "आत तू जा. मला वास येतोय."

साहेबांना त्याने उभं राहूनच सगळं सांगितलं. प्यालो नव्हतो, खोटं का बोललो, आणि थोडं दिसतं हेही खोटंच. साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "तुमचे वैद्यकीय कागद माझ्याकडे पहिल्यापासून आहेत, गमरे. थोडं दिसतं म्हणालात तेव्हाच मला काळजी वाटली होती. नाही दिसत म्हणालात, आता बरं वाटलं. खुर्ची घ्या. डाव्या हाताला आहे."

पुढच्या महिन्यात तो चौकशीच्या खिडकीवर बसला. गाड्यांची वेळापत्रकं फोनमध्ये घालून घेतली होती. एका कानात फोन भराभरा वाचायचा, दुसरा कान खिडकीकडे. पहिल्याच दिवशी त्याने जैतापूरची गाडी पाचलच्या फलाटावर पुकारली आणि निम्मे प्रवासी इकडून तिकडे धावले. एका म्हाताऱ्याने खिडकीशी येऊन त्याला चार शब्द सुनावले. त्याने ते ऐकून घेतले, माईक सुरू केला आणि माफी मागून पुन्हा पुकारलं. दुपारपर्यंत आवाज बसला. संध्याकाळपर्यंत मजा यायला लागली. कोणी घाबऱ्याघुबऱ्या येऊन विचारायचं, शेवटची गाडी गेली का, आणि तो म्हणायचा, "नाही गेली मावशी, बसा निवांत."

वेदिकाला त्याने फोन करून पहिल्या दिवसाची सगळी फजिती सांगितली. ती म्हणाली, "मी येते एकदा राजापूरला. मला चुकीच्या फलाटावर पाठवू नका."

स्वप्ना रोज संध्याकाळी फाट्यावर यायची. अंगणवाडीचं काम उरकून, धावतपळत. गाडीचं दार उघडलं की तिच्या बांगड्यांचा आवाज यायचा आणि मग दोघं गप्पा मारत घरी जायची. पाचसहा दिवस असे गेल्यावर तो एका सकाळी म्हणाला, "आजपासून नको येऊस. मी येईन."

"अंधार पडतो हल्ली लवकर," ती म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली. तोही हसला. कितीतरी दिवसांनी घरात दोघांचं हसू एकदम उमटलं.

त्या संध्याकाळी तो फाट्यावर उतरला. गाडी पुढे गेली, तिचा आवाज वळणापलीकडे विरला. तो थोडा वेळ कान देऊन उभा राहिला. बांगड्या वाजल्या नाहीत. कातळावरून वारा येत होता, दूर कोणाच्या तरी गोठ्यात गाय हंबरत होती. मनातून तो किंचित घाबरला, आणि घाबरलो तरी आपल्याला बरंही वाटतंय, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने काठी उघडली. वाट उताराची, दगडगोट्यांची. एकदा तो चुकून धोंडूबाबांच्या काजूत शिरला, ओल्या पानांवरून कळलं, तसा मागे फिरला. गडगा लागला. मग अंगणातल्या शेणसारवणाची मऊ जमीन काठीला लागली.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो पडवीत चढला. थापणं थांबलं नाही.

"आलात?" स्वप्ना आतूनच म्हणाली. ती उठली नाही.

"आलो," तो म्हणाला आणि काठी मिटून कोपऱ्यात उभी केली. "तू बस. चहा मी ठेवतो."